पडद्यावरचा देह आणि टेबलावरचा देह

एक छोटा प्रयोग करून पाहा. अंगठा आणि करंगळी यांची टोके एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक कंडरा वर आलेली दिसेल. काहींच्या हाताला मात्र ती दिसणार नाही, कारण तो स्नायू काही माणसांत जन्मतःच नसतो. त्याच्यावाचून त्यांचे काही अडतही नाही. पण हीच कंडरा काढून दुसरीकडे जोडायची असेल, तर ती आहे की नाही हे शल्यचिकित्सकाला आधी पाहावे लागते.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे महाविद्यालये बंद झाली आणि वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मोबाइलवर शरीररचनाशास्त्र शिकू लागले. त्यातून फायदाही झाला. गर्भात हृदय कसे घडत जाते, हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हलत्या चित्रातून लवकर समजते. कवटीचे चित्र हवे तसे फिरवता येते, न कळलेला भाग पुन्हा पाहता येतो. वर्ग भरू लागल्यावरही ही सोय सोडण्याचे कारण नाही. व्याख्यान आदल्या रात्री घरी पाहावे आणि सकाळचा सगळा वेळ विच्छेदनाच्या टेबलापाशी द्यावा, ही वाटणी मला योग्य वाटते.

कारण पडद्यावरचा देह बहुधा नमुन्याचा असतो. टेबलावरचा देह एका माणसाचा असतो. चित्रात धमनी लाल, शीर निळी, मज्जातंतू पिवळा. प्रत्यक्षात हे रंग नसतात. जाड भिंतीची नळी कोणती, चपटी पडलेली कोणती आणि भरीव दोरी कोणती, हे बोटांनाच ओळखावे लागते. पित्ताशयाची धमनी काही जणांत वेगळ्याच वाटेने येते. हे पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी प्रथमच कळले, तर किंमत रुग्ण मोजतो.

धोका एवढाच, की देह मिळत नाहीत म्हणून एखादे महाविद्यालय पडद्यावरच भागवू लागेल. मुंबई शरीररचना कायदा १९४९ चा. त्यानुसार बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देता येतात. पण देहदानाचा आधारही तितकाच मोठा आहे. देहदानाचा नुसता अर्ज भरून काम होत नाही. मृत्यूनंतर महाविद्यालयाला कळवायचे असते ते नातेवाइकांनी. तेव्हा ज्यांनी असा अर्ज भरला असेल, त्यांनी घरच्यांशी याविषयी आजच मोकळेपणाने बोलून ठेवावे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)