उद्यान अधीक्षकाचं जंगल

लालबाग-परळच्या गिरणगावात मी वाढलो आणि पुढे नोकरी मिळाली ती सार्वजनिक बागांची. माळ्यांबरोबर, मुकादमांबरोबर काम करत करत उद्यान अधीक्षक झालो. ओळखीचे लोक चेष्टेनं म्हणायचे, ‘साहेब, आठवडाभर झाडांतच असता, मग रविवारी पुन्हा बोरिवलीला कशाला?’ करी रोडला गाडी पकडायची, दादरला बदलायची आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठायचं, हे माझं ठरलेलं. त्या प्रश्नाचं उत्तर आज तुम्हाला देतो.

बागेला मी कमी लेखत नाही. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली उघडली. तिथे म्यानमारची उर्वशी फुलते, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती खोडावरच फुलं धरतो, आफ्रिकेतली गोरखचिंच आपलं अगडबंब खोड घेऊन उभी आहे. दूरदेशीची ही झाडं मुंबईच्या मातीत रुजली, त्यामागे माळ्यांच्या कित्येक पिढ्यांचे कष्ट आहेत. पण बाग म्हणजे सतत हात चालवणं. हिरवळ तर पुरुषाच्या दाढीसारखी, आज केली की परवा पुन्हा हजर. पान पडलं की झाडा, फांदी वाकली की छाटा, फूल सुकलं की खुडा.

जंगलात यातलं काहीच कुणी करत नाही, आणि तरी सगळं नीट चाललेलं असतं. पान पडतं, त्याला बुरशी लागते, वाळवी येते, पावसाळ्यात त्याची माती होते. आपण ज्याला कचरा म्हणतो तीच तिथली पुढच्या वर्षीची बेगमी. हे पाहिल्यावर आम्ही बागेच्या कोपऱ्यात खड्डे घेतले आणि पालापाचोळा त्यात जिरवायला लागलो. खत घरचंच झालं.

वठलेल्या फांदीचंही तेच. रस्त्यावरची, बाकावरची फांदी पावसाळ्यापूर्वी काढलीच पाहिजे; तिथे माणसाचा जीव मोठा. पण जिथे कुणी जात-येत नाही, तिथली वाळकी फांदी मी ठेवायला सांगायचो. उन्हाळ्यात टुक टुक करत राहणारा तांबट अशाच मऊ, वाळक्या लाकडात ढोली कोरतो. फांदी गेली की त्याचं घर गेलं.

गिरगावकरांना एक आठवण करून देतो. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा जन्म १८९६ चा, आणि त्यांचं बालपण गेलं गिरगावातल्या खेतवाडीत. गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी लहानपणी त्यांच्या हाती आली. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला. म्हणजे जंगलाची ओढ लागायला जंगलातच जन्मावं लागतं असं नाही. दाटीवाटीच्या गल्लीतही ती लागते. आमच्या शिवडीच्या खाडीवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला बोरिवलीपर्यंतही जावं लागत नाही.

आणि बोरिवलीच्या त्या जंगलाशी आपलं नातं फक्त हौसेचं नाही. १८६० साली तिथला विहार तलाव पुरा झाला, तेव्हा विहिरींवर आणि टाक्यांवर जगणाऱ्या या शहरात पहिल्यांदा नळाचं पाणी आलं. मग १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. आज आपलं बहुतेक पाणी भातसा, वैतरणेकडून येतं, पण हे दोन्ही तलाव अजून शहराला पाणी देतात. त्यांच्याभोवतीची झाडी पाऊस मुरवते, माती धरून ठेवते. शंभराहून थोडं अधिक चौरस किलोमीटरचं हे जंगल, तिथे बिबळे राहतात, आणि भोवती ही एवढी मुंबई!

तिथल्या डोंगरउतारांवर कारवी असते. सात वर्षं नुसती हिरवी, आठव्या वर्षी सगळा उतार जांभळा, आणि बी धरून ती मरून जाते. २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. बागेत एखादं रोप सात वर्षं फुललं नसतं, तर माझ्या टेबलावर तक्रारींचा ढीग लागला असता आणि मलाच ते उपटायला सांगावं लागलं असतं! झाडाला त्याच्या वेळेनं वाढू द्यावं, हे मला नोकरीनं शिकवलं नाही, कारवीनं शिकवलं.

आता तिचा बहर २०३२ चा. तेव्हा गर्दी होईलच, फोटोही निघतील. माझं म्हणणं इतकंच, की त्याआधीच्या प्रत्येक पावसाळ्यात एकदा तरी जा. मुलांना घेऊन जा, आणि फूल कुठे आहे असं त्यांनी विचारलं, तर सांगा, झाडाचं काम चालू आहे.