पायऱ्यांना रंग देण्यापूर्वी

नांदेडहून देगलूरकडे जाणारा रस्ता नायगाव, नरसी ही गावे घेत तेलंगणाच्या सीमेकडे उतरतो. या वाटेने जाणारा प्रवासी छायाचित्रणाचा शौकीन असेल तर देगलूरजवळील होट्टलकडे वळल्यावाचून राहत नाही. तेथील सिद्धेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील. बाह्यभिंतीवरील सुरसुंदरींच्या मूर्ती पाहताच कॅमेरा आपोआप वर उचलला जातो. खाली, पायरीकडे आणि उंबरठ्याकडे, तो क्वचितच वळतो. गावोगावच्या जुन्या देवळांत पायरीकडे लक्ष जाते ते बहुधा तिला रंग दिल्यावर!

पायऱ्या रंगविण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. दक्षिणेतील देवळांत चुन्याचे पांढरे आणि कावेचे तांबडे पट्टे पूर्वापार चालत आले आहेत. प्रवाशाला ते मोह घालतात, छायाचित्रातही खुलून दिसतात. चुना आणि काव यांच्या थरांतून दगडातील ओल बाहेर पडू शकते. पावसापाण्याने ते हळूहळू उतरतातही. तैलरंगाचे तसे नाही. त्याने ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाखाली साचतात आणि कालांतराने दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चंद्रशिळेच्या कडा, उंबरठ्यावरील कीर्तिमुखाचे डोळे व दात थरावर थर बसून बुजतात. जत्रेपूर्वी देऊळ उजळावे ही भावना आदरणीय आहे. तथापि तिच्यापायी कोरीव काम झाकले जाते आणि देणगीदाराचे नाव तेवढे ठळक राहते, हेही पाहावयास हवे.

छायाचित्राचे मोल किती, याचा धडा मराठवाड्यातच मिळतो. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने 1844 पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती रंगविल्या. त्यांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. त्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे मात्र 1864 मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. पुढे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याचे चार भाग प्रसिद्ध केले, तेही छायाचित्रांच्याच आधारे. त्याच खात्याने 1920 ते 1922 या काळात इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांची डागडुजी करविली असता त्यांवर लाखेचा थर देण्यात आला. पुढे तो पिवळसर पडला आणि मूळ रंग ओळखणे दुष्कर झाले. हेतू रक्षणाचा होता, हे विसरता येत नाही.

आता खेड्यातील शिक्षकाच्या खिशातही कॅमेरा असतो. तेव्हा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी ग्रामपंचायतीने त्याचा उपयोग करून घ्यावा. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन असताना कोरीव काम उठून दिसते. भर दुपारी ते सपाट भासते. काळ्या दगडावर पांढरा पट्टा असेल तर पांढऱ्याचा लखलखाट होऊन दगड काळाठिक्कर पडतो. अशा वेळी ढगाळ दिवस उत्तम. प्रथम वास्तू चारही दिशांनी, मग पायऱ्यांची रांग समोरून, मग एकेक पायरी जवळून घ्यावी. पायरीशेजारी मोजपट्टी ठेवावी. ती नसल्यास शाळेतील फूटपट्टी चालते. देखणेपणात जरा उणे पडेल, पण आकाराचा अंदाज नेमका राहील. तारीख, गावाचे नाव, दिशा आणि रंगाचे किती थर दिसतात हे लगेच लिहून ठेवावे. भ्रमणध्वनीतील चित्रे हरवतात, यास्तव एक छापील संच पंचायतीच्या दप्तरात आणि दुसरा शाळेत असावा.

ज्या पायऱ्या आधीच तैलरंगाने माखल्या आहेत, त्यांवर तारेचा ब्रश किंवा छिन्नी चालवू नये. रंगासोबत दगडाचा पापुद्राही निघतो. अशी छायाचित्रे जोडून राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचा सल्ला घ्यावा. स्मारक संरक्षित असल्यास तर अनुज्ञेवाचून कुंचलाही लावता येत नाही. उत्सव तोंडावर आला असेल तर पायऱ्या मऊ केरसुणीने झाडून साध्या पाण्याने पुसाव्यात आणि रांगोळी पायरीखालच्या अंगणात घालावी.