गोळी कशासाठी, हे विचारावे
(तालुक्यातील शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी केलेले भाषण)



बारावीतील एक विद्यार्थिनी आईसह माझ्याकडे आली. चार-चार महिने पाळी येत नव्हती, हनुवटीवर राठ केस उगवू लागले होते. आधीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिने आठ दिवसांतच बंद केल्या होत्या. आई म्हणाली, "बाई, दुकानदार म्हणाला, या पाळणा लांबवायच्या गोळ्या. लग्नाआधी पोरीला कशा द्यायच्या?" गोळी योग्यच होती. ती कशासाठी, हे कोणी सांगितले नव्हते आणि विचारण्याचे धैर्य मायलेकींना झाले नव्हते.

या विकारास पीसीओएस म्हणतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. सोनोग्राफीत दिसतात त्या वस्तुतः गाठी नव्हेत. ती वाढ अर्धवट राहिलेली बीजपुटके होत. बीज वेळेवर सुटत नाही, पुरुषी संप्रेरके वाढतात, आणि अनेकींच्या शरीरात इन्सुलिनचे कार्यही मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १०० स्त्रियांपैकी १० ते १३ जणींना हा विकार असतो. मात्र किशोरवयात केवळ सोनोग्राफीवरून निदान करू नये, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्षभर ती अनियमित असणे स्वाभाविकच असते.

उपचार एकच नसतो. रुग्णेला काय हवे, यावर तो ठरतो. पाळी नियमित व्हावी आणि केस, मुरुमे कमी व्हावीत, यासाठी दोन संप्रेरकांची संयुक्त गोळी देतात. केसांवरील परिणाम दिसण्यास सहा महिने तरी लागतात, हे आधीच सांगितले नाही तर निराशा ठरलेली. जिला ही गोळी चालत नाही, तिला ठराविक काळाने प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषध देऊन पाळी आणवता येते. पाळी दीर्घकाळ न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, त्यापासून हे संरक्षण होय. इन्सुलिनच्या दोषावर मेटफॉर्मिन देतात. मूल हवे असेल तर लेट्रोझोल. तेथे संयुक्त गोळीचा उपयोग नाही. यांपैकी काहीही विकार समूळ घालवीत नाही. "लग्न झाले की सारे सुरळीत होईल" हा सल्ला तर औषधच नव्हे. दुर्दैवाने तो दवाखान्यांतूनही ऐकू येतो.

म्हणून डॉक्टरांना विचारावे: ही गोळी कशासाठी, किती महिने, बंद केल्यावर काय होईल? आपणही सांगावे: डोळ्यांपुढे तिरीप येऊन होणारी अर्धशिशी, वाढलेला रक्तदाब, स्वतःला वा घरात कोणाला रक्ताची गुठळी झाली असल्यास ती, तंबाखूचे व्यसन. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असेल तर तेही. त्याने गोळीचा प्रभाव घटतो. गोळी सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजलाच पाहिजे. रक्तातील साखरेची तपासणीही मागून घ्यावी.

त्या मुलीच्या आईस मी सांगितले, "या गोळीने पुढे मूल होण्यास बाध येत नाही." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे आधी कळलं असतं तर सहा महिने वाया गेले नसते."

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, तपासणीसाठी रजा मागणाऱ्या मुलीस सर्वांदेखत कारण विचारू नका. पंचायत सदस्यांनी आपल्या उपकेंद्रात एकदा जाऊन पाहावे. परिचारिकेशी दोन शब्द बोलता येतील, असा एक पडदा तरी तेथे आहे काय? नसेल तर तो पुढील मासिक सभेचा विषय करावा.