सातेरीचे वारूळ आणि पंडितांचे वाद



पेडणे आणि डिचोली ह्या उत्तर गोव्यातील तालुक्यांत देवींचा दरारा मोठा आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई ह्या लोककथेप्रमाणे सख्ख्या बहिणी. त्यांचीच एक बहीण म्हापशाच्या चर्चमध्ये मिलाग्रिस सायबीण होऊन राहिली, अशी श्रद्धा आहे. सातेरी तर गावोगाव वारुळाच्या रूपाने पुजली जाते; कोकणीत त्या वारुळाला रोयण म्हणतात. ह्यांतील पुष्कळ देवींच्या शेजारी पती म्हणून कोणी देव बसलेला नाही.

ह्या एवढ्याशा गोष्टीचा अर्थ लावताना विद्वानांत मोठा मतभेद झाला. मूळचे गोव्याचेच असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, पतीविना असलेल्या मातृदेवता पित्याला महत्त्व नसलेल्या प्राचीन समाजाच्या खुणा होत. देवादेवींची लग्ने मागाहून, माणसांचे गट एकत्र आले तेव्हा लागली. रा. चिं. ढेरे ह्यांनी १९७८ च्या ‘लज्जागौरी’त वारुळाला भूमातेचे गर्भस्थान मानले. दोघांचीही विद्वत्ता वादातीत आहे. परंतु देवी श्रेष्ठ, म्हणून कधीकाळी स्त्रीही श्रेष्ठ होती, हे अनुमान त्यावरून सहज काढले जाते, आणि तेथे माझे मन अडखळते. अमेरिकन संशोधिका जोन बॅम्बर्गर ह्यांनी १९७४ साली दक्षिण अमेरिकेतील स्त्रीराज्याच्या कथा तपासल्या. त्या कथा इतिहास नसून आजचे पुरुषसत्तेचे राज्य योग्यच कसे, हे पटविण्यासाठी सांगितल्या जातात, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आमच्याकडे ह्या शंकेला आधार आहे. गाव देवीचा, पण गावकरी परंपरेने बापाकडून मुलाकडे जाते. वर्गात ग्रामसंस्थेचा धडा चालू असताना एका मुलीने विचारले, “गुरुजी, देवी बाई, मग गावकर बाई का नाही?” पंडितांच्या वादातही इतका नेमका प्रश्न क्वचित सापडतो! गंमत अशी की, १८७० पासून येथे लागू झालेल्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याने त्याच मुलीला बापाच्या मिळकतीत मुलासारखाच वारसा दिला. तो हक्क रोयणीतून आलेला नाही.

तथापि स्त्रियांपाशी काहीच सत्ता नव्हती, हे म्हणणेही घाईचे ठरेल. मॅलिनोव्स्की हे थोर मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधील ट्रोब्रिअंड बेटांवर राहिले आणि पुरुषांच्या देवघेवीचे त्यांनी विस्तृत वर्णन केले. पुढे ॲनेट वायनर त्याच बेटांवर गेल्या. कोणी मेले की तेथील बायका केळीच्या पानांच्या जुड्या वाटतात आणि त्यावर घराण्याची प्रतिष्ठा ठरते, हे त्यांनी १९७६ च्या ग्रंथात दाखविले. जुड्या आधीही होत्याच. त्यांचे मोल कोणी विचारले नव्हते.

पेडणे-डिचोलीतही पौष महिन्यात धालो होतात. रात्री मांडावर बायका समोरासमोर रांगा धरून गातात, धरित्रीला आळवितात. पुरोहित नाही, गावकर नाही, सगळा मान त्यांचा. सातेरीचा अर्थ तेथे विचारावयास हवा. मात्र परंपरेप्रमाणे पुरुषाने मांडावर पाऊल ठेवावयाचे नसते. तेव्हा तो कोणी विचारावयाचा, हा प्रश्न उरतोच.