नोंदवहींतील एक ओळ

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणींत आसरा मिळाला. तेथेंच १९४९ सालीं उल्हासनगर वसलें. त्या वेळचीं मुलें आज ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांतील एखादी आजी वृद्धाश्रमांत दार वाजतांच किंचाळली, तर नोंदवहींत ‘स्मृतिभ्रंश’ एवढेंच लिहिलें जाण्याचा संभव असतो. परंतु दुःस्वप्नें, दचकणें, आठवण टाळणें हीं आघातोत्तर मनोव्याधीचींही लक्षणें होत. अमेरिकन मनोवैद्यकांनीं १९८० सालीं तिला स्वतंत्र स्थान दिलें. म्हणून प्रवेशाच्या तपासणींतच हळुवारपणें विचारावें : पूर्वीं काय सोसलें? भीति कशानें जागते? उत्तराची सक्ति मात्र नको. ती एक ओळ लिहिलेली असेल, तर रात्रपाळीची परिचारिका आधीं नांवानें हाक मारील, मगच दार उघडील; गुंगीची गोळीही कदाचित् टळेल.