दरडीतील रहिवासी



वन्य प्राणी म्हटले की वाघ, गवा, सांबर हीच नावे आपल्या मुखी येतात. परंतु पश्चिम घाटातील रस्त्यांकडेच्या मातीच्या दरडींतही एक वन्य जीव पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. तो म्हणजे बिळात राहणारा मोठा, केसाळ कोळी. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्यास ‘थ्रिग्मोपीयस ट्रुक्युलेंटस’ असे नाव दिले. पश्चिम घाटाखेरीज जगात तो अन्यत्र आढळत नाही.

हा कोळी भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणीत नाही. मातीत बीळ करून त्यास तो आतून रेशमी धाग्यांचे अस्तर लावतो. डोळे आठ असूनही त्याची दृष्टी अधू असते. रात्री बिळाच्या तोंडाशी बसून तो जमिनीची कंपने पायांनी टिपतो आणि जवळ आलेल्या किड्यावर झडप घालतो. कीटकांच्या संख्येला आळा घालण्याचे निसर्गाचे कार्य तो असे मुकाट्याने पार पाडतो.

‘ट्रुक्युलेंटस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ उग्र. डिवचल्यास तो पुढचे पाय उचलून प्रतिकारास सिद्ध होतो, हे खरे. मात्र बीळ सोडून माणसाचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभाव नव्हे. बिळात हात वा काठी न घालणे, एवढी दक्षता पुरेशी आहे.

त्याचे खरे संकट निराळेच आहे. मादी वर्षानुवर्षे बीळ सोडीत नाही. पिल्ले काही काळ आईच्या बिळातच राहतात व पुढे जवळपास आपली बिळे करतात. त्यामुळे एकाच दरडीत अनेक बिळांची वसाहत होते. रस्ता रुंद करताना यंत्राने ती दरड तासली की अनेक वर्षांची वसाहत एका दिवसात नाहीशी होते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००८ साली या जातीची गणना ‘संकटसमीप’ वर्गात केली.

रस्ते हवेतच, त्याविषयी दुमत नाही. तथापि खोदकामापूर्वी दरडीची पाहणी करणे, शक्य तेथे एक बाजू अस्पर्श राखणे आणि बिळांत रॉकेल वा विस्तव न टाकणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. अभयारण्याच्या सीमेबाहेरही वन्य जीवन असते, याची जाणीव रस्ता आखणाऱ्यापासून गुराख्यापर्यंत सर्वांनी बाळगावी, हीच नम्र विनंती.