एका पाटावरची पोलेंता



इटलीबद्दल बोल म्हणालात. मी जेवणाचंच सांगतो, बाकी फोटो ग्रुपवर आहेत.

माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने गावात २०२३ साली त्यांचं स्मारक झालं. ते पाहून आम्ही एका लहानशा खाणावळीत शिरलो. बाईंनी मक्याच्या पिठाची घोटलेली पोलेंता थेट लांब लाकडी पाटावर ओतली, वर टोमॅटोचा रस्सा. ताटं नाहीतच! आपापल्या कडेपासून मध्याकडे खात जायचं. समोरचा अनोळखी म्हातारा खात खात माझ्यापर्यंत आला आणि हसला. हे मूळचं गरिबांचं खाणं, आपल्या नागलीसारखं. आता मिरवून वाढतात.

आपल्या मधल्या सुट्टीत किन्हवली-टोकावड्याकडची मुलं नागलीची भाकर झाकणाआड खायची. पोळीवाल्यांचा घोळका वेगळा. गणिताचे सर तेवढे त्यांच्यात जाऊन बसायचे, भाकर मागून घ्यायचे. सर, आज तुम्ही समोर आहात म्हणून मुद्दाम सांगतो.

आज जेवणात पनीर आहे म्हणे. पुढच्या मेळाव्याला नागलीचं पीठ माझ्याकडून. थापायला कोण येतंय, तेवढं सांगा.